सरकत उघडणारं पॅनेल: मोबाइलवर शेवटची ओळ कापली जातेय

सांजवारा | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या वाचनालयासाठी मी दिवाळी अंकांचं एक वेबपान करतेय. दिवाळी झाली की सभासद वेगळी वर्गणी भरतात आणि पुढे चार महिने अंक घरोघर फिरत राहतात. कोणता अंक आत आहे, कोणता बाहेर गेलाय, कोणत्या अंकात कोणाची कथा आहे, हे विचारायला दिवसभर फोन येतात. ग्रंथपाल बाईंचा तो त्रास कमी व्हावा म्हणून हे पान. यादीत सध्या १४० अंक आहेत. अंकाच्या नावावर बोट ठेवलं की खाली त्याची अनुक्रमणिका उघडते, पुन्हा ठेवलं की मिटते.

आधी नुसतं डिस्प्ले नन (लपव) आणि डिस्प्ले ब्लॉक (दाखव) केलं होतं. एका सभासद आजोबांना दाखवायला गेले तर खालची यादी एकदम खाली गेल्यावर त्यांना वाटलं, पानच बदललं. ते मागे जायचं बटन दाबत राहिले. त्या दिवशी ठरवलं की अनुक्रमणिका सरकत उघडायला हवी. कुठून काय आलं हे डोळ्यांना कळलं पाहिजे. शोभेसाठी मला ते नकोय.

मग सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) हाइट म्हणजे उंचीला शून्यापासून ऑटोपर्यंत ट्रान्झिशन, म्हणजे हळूहळू होणारा बदल, लावलं. काहीच सरकलं नाही. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये पान उघडताच सगळ्या १४० पॅनेलची (उघडणाऱ्या डब्यांची) स्क्रोलहाइट, म्हणजे आतल्या मजकुराची पूर्ण उंची, मोजून ठेवली, आणि बोट ठेवलं की तो आकडा पिक्सेलमध्ये हाइटला द्यायचा, असं केलं. लॅपटॉपवर सुरेख चालतंय. मोबाइलवर मात्र काही अंकांची शेवटची ओळ अर्धी कापलेली दिसते. सगळ्यांची नाही, आणि रिफ्रेश केलं की ठीक होतं! तीन रात्री याच्यामागे घालवल्या.

दुसरं एक. अंक निवडायची चाळणी (कथा, प्रवास, विनोद, ज्योतिष असे प्रकार) उजवीकडून आत येते. ती मिटलेली असली तरी पान आडवं सरकतं आणि उजवीकडे पांढरी पट्टी दिसते.

कोणी सांगू शकेल का?

---

खटपट्या | १२ ऑक्टोबर, रात्री १०.०५

ताई, ऑटो का सरकत नाही ते आधी. ट्रान्झिशनला दोन आकडे लागतात, इथून निघायचं आणि तिथे पोचायचं. ऑटो हा आकडा नाही. 'आत जेवढं मावेल तेवढं' असं ब्राउझरला सांगणं आहे ते, आणि किती मावेल हे त्याला मांडणी केल्यावर कळतं. मधल्या पायऱ्या काढायला त्याच्याकडे काही नसतं, म्हणून तो थेट उडी मारतो.

बरेच लोक मॅक्स-हाइटची युक्ती सांगतील. हाइट ऑटोच ठेवायची, मॅक्स-हाइट (जास्तीत जास्त उंची) शून्यावरून १००० पिक्सेल करायची. नका करू. समजा अनुक्रमणिका २०० पिक्सेलची आहे आणि वेळ ३०० मिलिसेकंद. मिटताना मॅक्स-हाइट १००० वरून खाली यायला लागते, पण २०० पर्यंत येईतो डोळ्याला काहीच दिसत नाही. एकसारख्या वेगाने धरलं तर पहिले २४० मिलिसेकंद फुकट आणि उरलेल्या ६० मध्ये पॅनेल धाडकन बंद. माणसाला वाटतं बोट लागलंच नाही, तो परत दाबतो. आणि एखाद्या अंकाची अनुक्रमणिका १००० च्या वर गेली की तीही कापली जाणार.

शेवटच्या ओळीचं कोडं मला अजून सुटलं नाही. रिफ्रेशने ठीक होतं म्हणजे कॅशशी (ब्राउझर आणलेल्या गोष्टी जपून ठेवतो त्या साठ्याशी) काहीतरी संबंध आहे.

---

जुनाजाणता | १२ ऑक्टोबर, रात्री १०.३८

जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट संग्रहातला स्लाइडटॉगल वापरा, एका ओळीत काम होतं. मी २००८ पासून वापरतोय.

नव्या मंडळींना जेक्वेरीचं नाव काढलं की आवडत नाही हे माहीत आहे, पण त्यात शिकण्यासारखं आहे म्हणून सांगतो. जॉन रेसिगने २००६ साली ती आणली तेव्हा ट्रान्झिशन नावाची गोष्ट ब्राउझरांत नव्हतीच. स्लाइडडाउन आतून काय करतं ते मी एकदा वाचून काढलं होतं. आधी पॅनेलची खरी उंची मोजतं, ओव्हरफ्लो हिडन करतं (डब्याबाहेर जाणारा मजकूर लपवतं), उंचीबरोबर वरखालचं पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि मार्जिनही (बाहेरची) शून्यापासून वाढवत नेतं, आणि ४०० मिलिसेकंदांनी काम संपलं की स्वतः लिहिलेलं सगळं पुसून टाकतं. उंचीचा आकडा मागे ठेवत नाही. सांजवारा ताई, तुमच्या वर्णनात हे पुसणं कुठे दिसलं नाही.

एक सावधगिरी. पाठोपाठ चार वेळा दाबलं तर स्लाइडटॉगल चारही हुकूम रांगेत लावतं आणि पॅनेल उघडझाप करत बसतं. आधी स्टॉप म्हणायचं, मग टॉगल.

---

अक्षरवेडी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

सांजवारा, पानावर वेबफॉन्ट (नेटवरून येणारा टाइप) आहे का? आणि तो गूगल फॉन्ट्सवरून येतो का?

---

सांजवारा | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.५२

हो, 'मुक्त' नावाचा फॉन्ट लावलाय. मजकुरालाही आणि अंकांच्या नावांनाही.

---

अक्षरवेडी | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

मग सापडलं.

पहिल्यांदा पान उघडतं तेव्हा मुक्त अजून वाटेत असतो. तोवर ब्राउझर फोनमधल्या देवनागरी टाइपात मजकूर लावून दाखवतो. तुमची मोजणी नेमकी त्याच वेळी होते. मग मुक्त येतो आणि सगळा मजकूर त्यात पुन्हा बसतो. दोन टाइपांच्या अक्षरांची रुंदी सारखी नसते. फोनच्या अरुंद पडद्यावर एखाद्या ओळीतला शेवटचा शब्द मावेनासा होतो आणि खाली उतरतो. सात ओळींच्या आठ होतात. तुमच्याकडे आकडा सात ओळींचा. आठवी कापली जाते.

लॅपटॉपवर ओळ लांब असल्याने शब्द क्वचितच खाली उतरतो, म्हणून तिथे दिसलं नाही. सगळ्याच अंकांना होत नाही, कारण प्रत्येक यादीत तसा काठावरचा शब्द नसतो. आणि रिफ्रेश केलं की फॉन्ट कॅशमधून लगेच मिळतो, मोजणी बरोबर येते. खटपट्यांचा कॅशचा अंदाज बरोबर होता.

खात्री करायची असेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कॅश बंद करा, नेटवर्क मुद्दाम संथ करा आणि खिडकी फोनएवढी अरुंद करून पान उघडा. फॉन्ट बदलण्याचा क्षण डोळ्यांनी दिसेल, आणि त्यावेळी ओळी कशा सरकतात तेही.

फोन आडवा केला तरी हाच घोळ होणार, किंवा आजोबांनी ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी केली तरी. म्हणून फॉन्ट येईपर्यंत थांबून मग मोजणं (डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्स डॉट रेडी वापरून तसं करता येतं) हा अर्धा उपाय झाला. मोजलेला आकडा जपून ठेवायचाच नाही. बोट लागलं त्या क्षणी मोजा, सरकण्यापुरता वापरा, सरकणं थांबलं की उंची परत ऑटो करा. जुनाजाणता काकांनी रात्री तेच सांगितलंय.

जाता जाता एक विनंती. ओव्हरफ्लो हिडन जिथे जिथे लावाल तिथे ओळींची उंची तपासा. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या तयार थीममध्ये लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या किती पट ते) १.२ असते, कधी त्याहून कमी. देवनागरीत 'मूर्ती' या एका शब्दात शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार, खाली दीर्घ उकार. पॅनेलच्या पहिल्याच ओळीत असा शब्द आला की रफाराचं टोक कापलं जातं आणि वाचणारा 'मूती' वाचतो. लाइन-हाइट १.६ च्या खाली जाऊ नका, आणि आतल्या डब्याला वर थोडं पॅडिंग द्या. आपल्या लिपीतली पानं इतक्या ठिकाणी अशी छाटलेली दिसतात की जीव तुटतो.

---

खटपट्या | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

वा, अक्षरवेडी! हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

आता पायऱ्या लिहितो, म्हणजे ताईंना थेट करता येईल.

उघडताना: पॅनेलची स्क्रोलहाइट वाचा, ती पिक्सेलमध्ये हाइटला द्या. ट्रान्झिशनएंड (सरकणं संपलं) ही घटना आली की हाइट ऑटो करा.

मिटताना उलटं करावं लागतं आणि इथे सगळे अडकतात. हाइट आता ऑटो आहे, म्हणजे पुन्हा आकडा नाही. म्हणून आधी सध्याची उंची पिक्सेलमध्ये लिहा आणि मग शून्य लिहा. पण या दोन ओळी लागोपाठ लिहिल्या तर काही सरकणार नाही. ब्राउझर प्रत्येक ओळीला मांडणी करत बसत नाही, तुमचं सगळं लिहून होऊ देतो आणि शेवटचं तेवढं बघतो. त्याला फक्त शून्य दिसतं. मध्ये एकदा ऑफसेटहाइट (डब्याची आत्ताची उंची) नुसती वाचायची, कुठे ठेवायचीही गरज नाही. ती विचारली की त्याला उत्तर देण्यासाठी तिथल्या तिथे मांडणी करावीच लागते, आणि पहिला आकडा त्याच्या हिशेबात येतो. मग शून्य लिहा.

पॅडिंग मात्र पॅनेलला देऊ नका, आत अजून एक डिव्ह (साधा डबा) घालून त्याला द्या. हाइट शून्य केली तरी पॅडिंग आपली जागा सोडत नाही, मिटलेल्या पॅनेलची रिकामी पट्टी उरते.

---

सांजवारा | १३ ऑक्टोबर, रात्री ११.२०

शेवटची ओळ सुटली! संथ नेटवर्कवर दहा वेळा पाहिलं, एकदाही कापली नाही. अक्षरवेडी, मनापासून आभार. लाइन-हाइट १.७ केली आणि नावं एकदम मोकळी दिसायला लागली.

पण आता नवीनच झालंय. अंकावर पटकन दोनदा बोट पडलं तर पॅनेल थोडं उघडतं, मिटतं, आणि पूर्ण मिटल्यावर एकदम सताड उघडं होतं! आमच्या सभासदांत साठीच्या पुढचे बरेच आहेत, दोनदा बोट पडणं नेहमीचंच.

---

खटपट्या | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

ट्रान्झिशनएंड ऐकणारा (ती घटना आली की चालणारा कोड) तुम्ही प्रत्येक वेळी उघडताना लावताय का? 'एकदाच ऐक' असं सांगून?

तसं असेल तर असं घडतंय. पहिलं बोट: उघडायला सुरुवात, ऐकणारा लावला. अर्ध्यावर दुसरं बोट: उघडणं तिथेच रद्द. रद्द झालेल्या सरकण्याची ट्रान्झिशनएंड कधी येत नाही, ट्रान्झिशनकॅन्सल येते. त्यामुळे पहिला ऐकणारा तसाच वाट बघत उभा. मग मिटणं पूर्ण होतं, त्याची ट्रान्झिशनएंड येते, आणि हा वाट बघणारा 'आलं!' म्हणून हाइट ऑटो करून मोकळा होतो.

ऐकणारा एकच ठेवा, सुरुवातीला लावलेला. तो आला की पॅनेल आत्ता उघडं असायला हवं का ते बघा, आणि हो असेल तरच ऑटो करा. शिवाय ही घटना कोणाकडून आली तेही तपासा. ती आतून वर झिरपत येते. अनुक्रमणिकेतल्या एखाद्या दुव्याचा रंग ट्रान्झिशनने बदलत असेल तर त्याचीही ट्रान्झिशनएंड पॅनेलपर्यंत पोचते.

आणि चाळणीचं राहिलंच. तुम्ही ती पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट करून राइटला उणे ३०० पिक्सेल दिलं असणार. उजवीकडे बाहेर काढलेला भाग पानाच्या रुंदीत धरला जातो, म्हणून पान आडवं सरकतं. डावीकडे काढला असता तर सरकलं नसतं, कारण डावीकडून उजवीकडे लिहिलेल्या पानात तिकडे स्क्रोल करून जाताच येत नाही. पोझिशन फिक्स्ड (पडद्याला चिकटलेली) करा आणि राइट बदलण्याऐवजी ट्रान्स्फॉर्मने स्वतःच्या रुंदीएवढी बाहेर सरकवा. राइट बदललं की ब्राउझर दर फ्रेमला मांडणी नव्याने करतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एकेका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद, आणि १४० अंकांचं पान साध्या फोनवर तेवढ्यात होत नाही. ट्रान्स्फॉर्मला मांडणी लागत नाही, तयार चित्र नुसतं उचलून सरकवायचं असतं.

---

चौकटराजा | १४ ऑक्टोबर, दुपारी १.३०

खटपट्याभाऊंच्या फिक्स्डला माझी एक पुरवणी. फिक्स्ड पॅनेल ज्याच्या पोटात आहे त्याला जर ट्रान्स्फॉर्म लावलेलं असेल, तर ते पडद्याला न चिकटता त्या बापाला चिकटतं. माझा हेडर (पानाची वरची पट्टी) खाली स्क्रोल करताना वर सरकून लपायचा आणि चाळणी हेडरच्या आत होती. ती हेडरएवढीच, ६० पिक्सेल उंच उघडायची. पॅनेल बॉडीच्या शेवटी नेलं आणि प्रश्न मिटला.

चाळणीच्या उंचीला १०० व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) देऊ नका. फोनच्या ब्राउझरची पत्त्याची पट्टी दिसत असते तेव्हा ती उंची पडद्याबाहेर जाते आणि सगळ्यात खालचं 'लावा' बटन दिसतच नाही. त्याऐवजी १०० डीव्हीएच, म्हणजे त्या क्षणी खरोखर दिसणारी उंची. चाळणीतली यादी शेवटपर्यंत गेली की मागचं पान सरकायला लागतं, त्यासाठी ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियर कंटेन.

आणि आजोबांनी मागे जायचं बटन दाबलं म्हणालात ना? अँड्रॉइडवर लोक उघडलेली गोष्ट बंद करायला तेच दाबतात. चाळणी उघडताना पुशस्टेटने इतिहासात एक नोंद घाला आणि पॉपस्टेट (मागे गेल्याची घटना) आलं की चाळणी मिटवा. नाहीतर ते वाचनालयाच्या पानावरूनच बाहेर पडतील.

---

ऐकतोमी | १४ ऑक्टोबर, रात्री ८.१०

नमस्कार. मी दृष्टिहीन आहे. फोनवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे स्क्रीन वाचक वापरतो. दिवाळी अंकांचं पान म्हणून धागा आवर्जून वाचला, आमच्या घरी अंक मोठ्याने वाचले जायचे.

तुम्ही सगळे पॅनेल डोळ्यांपासून लपवताय. हाइट शून्य आणि ओव्हरफ्लो हिडन केलं की मजकूर दिसत नाही, पण तो तिथेच असतो. मी पहिल्या अंकाच्या नावावरून पुढे बोट सरकवलं की मला त्याची मिटलेली अनुक्रमणिका पूर्ण ऐकू येईल, मग दुसऱ्या अंकाची, मग तिसऱ्याची. १४० अंकांच्या अनुक्रमणिका ऐकल्याशिवाय मी यादीच्या टोकाला पोचणार नाही. डोळस माणूस कीबोर्डवर टॅब दाबत असेल तर त्याचाही फोकस न दिसणाऱ्या दुव्यांत हरवतो.

उपाय अवघड नाही. मिटलेल्या पॅनेलला व्हिजिबिलिटी हिडनही (पूर्ण अदृश्य) द्या आणि तीही त्याच ट्रान्झिशनमध्ये घाला. उघडताना ती लगेच दृश्य होते, मिटताना सरकणं संपेपर्यंत दृश्य राहते आणि मग जाते, त्यामुळे हालचालीत फरक पडत नाही. चाळणीसाठी इनर्ट (तो भाग निष्क्रिय करणारा गुण) वापरलं तरी चालेल. २०२३ मध्ये फायरफॉक्सही आल्यापासून ते सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे.

अंकाचं नाव बटन असू द्या. डिव्हला क्लिक लावला तर मला ते नुसतं वाक्य म्हणून ऐकू येतं, दाबता येतं हे कळत नाही. बटनावर एरिया-एक्स्पांडेड ठेवा आणि उघडताना-मिटताना बदला, म्हणजे आत्ता काय स्थिती आहे ते मला ऐकू येतं. आणि कृपा करून बटनाचं नाव 'अधिक पाहा' ठेवू नका. मी बटनांची यादी काढली तर १४० वेळा 'अधिक पाहा' ऐकू येतं आणि कशाचं अधिक ते समजत नाही.

पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं लिहिलंय का? ते इंग्रजी राहिलं असेल तर स्क्रीन वाचक इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायचा प्रयत्न करतो, किंवा मजकूर गाळूनच पुढे जातो. बऱ्याच मराठी पानांवर तयार थीममधलं इंग्रजी तसंच राहिलेलं असतं.

---

सांजवारा | १४ ऑक्टोबर, रात्री ९.००

ऐकतोमी दादा, आत्ता उघडून पाहिलं, भाषा इंग्रजीच होती. बदलली. बाकीचं उद्या करते. आमच्या सभासदांत एक दृष्टिहीन बाई आहेत, त्यांची मुलगी येऊन अंक नेते. त्यांना स्वतःला पान वापरता येईल हे माझ्या मनात आलंच नव्हतं, आता त्यांना दाखवल्याशिवाय पान लोकांपुढे आणणार नाही.

---

रानपाखरू | १५ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

सरकणाऱ्या गोष्टींनी माझ्या आईला गरगरतं, तिला व्हर्टिगो आहे. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅनिमेशन बंद करता येतं आणि प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशनने पानाला ते कळतं. तिथे ट्रान्झिशन काढून टाका. फक्त लक्षात ठेवा, ट्रान्झिशनच नसेल तर ट्रान्झिशनएंडही येणार नाही, आणि तुमचं ऑटो करणं तिच्यावर अवलंबून आहे. आईसारख्यांच्या फोनवर परत शेवटची ओळ कापली जायची.

---

जुनाजाणता | १५ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

हे सगळं वाचून माझं मत बदललं. मोजणं, पुसणं, ऐकणारा, व्हिजिबिलिटी, एरिया, इतकं सांभाळायचं असेल तर एचटीएमएलमधलं (पानाची रचना लिहायची भाषा) डिटेल्स आणि समरी का वापरत नाही? समरीमध्ये अंकाचं नाव, खाली अनुक्रमणिका. जावास्क्रिप्टची एक ओळ न लिहिता उघडतं-मिटतं, कीबोर्डवर चालतं, मिटलेलं असताना आतलं वाचलं जात नाही.

आणि वाचनालयासाठी मोठी गोष्ट म्हणजे शोध. लोक येणार ते लेखकाचं नाव पानात शोधायला. व्हिजिबिलिटी हिडन केलेला मजकूर ब्राउझरच्या 'पानात शोधा'ला सापडत नाही. डिटेल्समधला मिटलेला मजकूर मात्र क्रोम शोधतो आणि सापडला की ते डिटेल्स स्वतः उघडतो.

फक्त ते सरकत उघडत नाही, उडी मारतं. म्हणजे ताईंचे आजोबा पुन्हा मागे जायचं बटन दाबणार.

---

खटपट्या | १५ ऑक्टोबर, दुपारी १२.५०

काका, शोधाचा मुद्दा बिनतोड आहे. सरकवता येईल, आणि आधीपेक्षा सोपं.

समरीवरचा क्लिक पकडा, ब्राउझरचं स्वतःचं उघडणं थांबवा, ओपन (डिटेल्स उघडं असल्याची खूण) आपण लावा. आत सगळी अनुक्रमणिका एका डिव्हमध्ये आहे. ओपन लावल्यावर लगेच त्या डिव्हची उंची मोजा आणि त्याच्यावर अ‍ॅनिमेट ही पद्धत बोलवा: शून्यापासून मोजलेल्या उंचीपर्यंत, २५० मिलिसेकंद, तेवढ्यापुरतं ओव्हरफ्लो हिडन. हे सगळं एकाच क्लिकमध्ये झाल्याने मध्ये काही लुकलुकत नाही. टॉगल (डिटेल्स उघडलं-मिटलं) या घटनेची वाट बघितली तर ती उघडल्यानंतर येते आणि एखादी फ्रेम पूर्ण उघडं पॅनेल चमकून जातं, म्हणून क्लिकच धरायचा. कीबोर्डवर एंटर दाबलं तरी समरीला क्लिकच मिळतो.

अ‍ॅनिमेटचं वैशिष्ट्य असं, की ते एलिमेंटवर काही लिहून ठेवत नाही. वेळ संपली की त्याचा परिणामही संपतो आणि हाइट मुळात होती ती, ऑटो. ट्रान्झिशनएंड ऐकायला नको, ऑफसेटहाइट वाचून ढकलायला नको, पुसायला नको. अर्ध्यावर काही बिघडलं तरी मागे चुकीचा आकडा राहत नाही.

रानपाखरू, सीएसएसमधली ती अट अ‍ॅनिमेटला लागू होत नाही, तिथे जावास्क्रिप्टमधून मॅचमीडियाने विचारावं लागतं. कमी हालचाल हवी असेल तर अ‍ॅनिमेट बोलवायचंच नाही, बाकी सगळं तसंच.

क्रोमच्या १२९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, इंटरपोलेट-साइझ नावाचा गुण आलाय. त्याने ऑटोपर्यंत थेट सरकवता येतं. पण ज्या ब्राउझरला तो कळत नाही तिथे उडीच बसते, आणि तुम्हाला आजोबांसाठी हवंय, म्हणून मी त्याच्यावर विसंबलो नसतो.

---

चौकटराजा | १५ ऑक्टोबर, दुपारी ३.१५

मग चाळणीलाही एचटीएमएलमधला डायलॉग वापरा, २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. शोमोडलने उघडला की मागचं पान आपोआप निष्क्रिय, एस्केपने बंद, आणि बंद झाल्यावर फोकस परत ज्या बटनावरून उघडला तिथे. आत येताना तेच अ‍ॅनिमेट, फक्त उंचीऐवजी ट्रान्स्फॉर्म. पुशस्टेटचं मात्र ठेवाच.

एक विचारू? सगळ्या डिटेल्सना नेम म्हणजे नाव सारखंच दिलं तर एक उघडला की दुसरा आपोआप मिटतो. ते करणार आहात का? पान आटोपशीर दिसतं.

---

सांजवारा | १६ ऑक्टोबर, रात्री १०.४५

चौकटराजा, ते करून पाहिलं आणि काढलं. वरचा मोठा अंक मिटला की ज्याच्यावर बोट ठेवलं तोच अंक सरकून वर जातो, कधी पडद्याबाहेर. आणि लोक दोन अंक उघडे ठेवून ताडून बघतात, कोणता आधी न्यायचा ते.

आज सगळं नव्याने लिहिलं. यादी डिटेल्समध्ये, चाळणी डायलॉगमध्ये. सरकण्याचं जावास्क्रिप्ट आता वीस-बावीस ओळींचं आहे, आधी नव्वदच्या वर होतं. उघडताना २५० मिलिसेकंद. मिटताना सरकवत नाही, लगेच मिटवते. मिटताना अंकाचं नाव बोटाखालीच राहतं, तेव्हा कोणी गोंधळत नाही, आणि अर्ध्यावर दोन हालचाली एकमेकींत अडकण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुपारी त्या बाईंच्या घरी गेले होते. त्यांनी मुलीच्या फोनवर टॉकबॅक लावून नावं ऐकली, एक अंक उघडला, अनुक्रमणिका ऐकली, आणि सातव्या कथेला थांबून म्हणाल्या, हा अंक मला आधी पाठव. मग त्यांनी चाळणी उघडली. तिथे 'लावा' बटन दाबल्यावर किती अंक उरले ते त्यांना ऐकू आलं नाही. डोळ्यांनी बघणाऱ्याला वरचा आकडा बदललेला दिसतो, त्यांना शांतताच.

ऐकतोमी दादा, तो आकडा आपोआप वाचला जावा यासाठी काय करू?

---

ऐकतोमी | १६ ऑक्टोबर, रात्री ११.०५

आकडा ज्या डब्यात आहे त्याला रोल स्टेटस ('इथला बदल वाचून दाखव' ही खूण) द्या. तो डबा पान उघडल्यापासून पानावर असू द्या, रिकामा असला तरी चालेल. ऐन वेळी तयार करून घातला तर बऱ्याचदा वाचला जात नाही. डायलॉग आधी बंद करा आणि मग आतला मजकूर बदला, कारण डायलॉग उघडा असताना मागचं पान माझ्या वाचकासाठी नसतंच. नुसतं '१२' लिहू नका. '१२ अंक सापडले' असं पूर्ण लिहा.

आणि त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. सातवी कथा कोणाची आहे तेही विचारून ठेवा.